श्रवण तपासणीचा टक्का झकास, पण 'रेफर' आलेली बाळं पुढे जातात कुठे?

फाइलवाली:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर काम करते आणि सध्या नवजात बाळांच्या हिअरिंग स्क्रीनिंगचा डेटा माझ्या गळ्यात पडलाय. म्हणजे बाळ घरी जायच्या आधी कानात छोटासा प्रोब ठेवून किंवा डोक्याला इलेक्ट्रोड लावून जी तपासणी करतात ना, ती. वेगवेगळ्या हॉस्पिटलांकडून दर महिन्याला शीट येते, आम्ही त्या एकाखाली एक चिकटवतो आणि गोषवारा वर पाठवतो. पहिल्या पानावर "तपासणी झालेली बाळं" हा टक्का इतका झकास दिसतो की मीटिंगमध्ये पुढचं पान कुणी उलटतच नाही. पुढच्या पानावर 'रेफर' आलेली बाळं आहेत, म्हणजे ज्यांची सविस्तर तपासणी व्हायला हवी ती, आणि त्यांच्यासमोर 'निदान' नावाचा रकाना, आणि तो बऱ्याच ठिकाणी कोराच्या कोरा.

कोरा रकाना म्हणजे बाळाला नेलंच नाही असं धरायचं, की नेलं पण आमच्यापर्यंत काही पोचलं नाही असं? एकच बाळ दोन हॉस्पिटलांच्या यादीत आलं, एकदा आईच्या नावाने आणि एकदा स्वतःच्या नावाने, तर ओळखायचं कसं? १-३-६ चा टक्का नक्की कशाला भागून काढायचा, कारण मागच्या रिपोर्टांत दोन वेगळे हिशोब सापडले आणि दोन्हींच्या खाली व्याख्या मात्र तीच लिहिलीये. आणि हाताशी मी, एक सहकारी आणि एक्सेल एवढंच असेल तर सुरुवात कुठून करू? मोठं सॉफ्टवेअर येणार येणार असं ऐकतेय, पण तोवर बाळं जन्मायची काही थांबत नाहीत.

आकडेमोड:

आधी छेद बघा, अंशाचं नंतर. तुमचा तो झकास टक्का कशाला भागून आलाय? हॉस्पिटल स्वतःच जन्मांचा आकडा कळवत असेल आणि तपासणीचाही तेच कळवत असेल तर झाकली मूठ सव्वा लाखाची. छेद जन्मनोंदणीतून घ्या, हॉस्पिटलच्या शीटमधून नको. घरी जन्मलेली बाळं, पहिल्याच दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलेली बाळं, आठवडेच्या आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलेली बाळं, ही सगळी दोन याद्यांच्या फटीत पडतात, जन्म झाला तिथल्या यादीत "हलवलं" आणि जिथे गेलं तिथल्या यादीत "आमच्याकडे जन्मलेलं नाही". आणि गंमत म्हणजे एनआयसीयूतल्या बाळांमध्ये श्रवणदोषाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणजे जी दोन-तीन टक्के बाळं सुटली ती सरासरी बाळं नाहीत, नेमकी जोखमीची आहेत.

आता १-३-६. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र, थेरपी, सांकेतिक भाषा वगैरे जे काही ठरेल त्याची सुरुवात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंगने हे रूढ केलं, आणि २०१९च्या त्यांच्या निवेदनात तर ज्यांना हे जमतंय त्यांनी १-२-३ महिन्यांकडे जावं असं म्हटलंय. मेख आहे ती 'तीन'च्या टक्क्यात. समजा १०,००० जन्म, ९,७०० स्क्रीनिंग, शेवटी ३०० रेफर, त्यातल्या १५० बाळांचं निदान पूर्ण झालं आणि त्यातल्या १२० चं तीन महिन्यांच्या आत. आता १२० भागिले १५० केलं तर ८० टक्के, टाळ्या. १२० भागिले ३०० केलं तर ४० टक्के. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे, पण पहिला आकडा सांगतो की जी आली ती वेळेत आली का, आणि दुसरा सांगतो की ज्यांना यायला हवं होतं त्यांचं काय झालं. तुमच्या दोन रिपोर्टांत बहुतेक हेच झालंय. कार्यक्रम कसा चाललाय हे बघायचं असेल तर दुसरा हिशोब, पहिला हवा तर खाली बारीक अक्षरात.

कोऱ्या रकान्याबद्दल. "तपासणी झाली नाही" आणि "झाली का ते माहीत नाही" या दोन गोष्टी एकत्र करू नका, कारण दोघांवरचा उपाय पूर्ण वेगळा आहे. पहिल्यात पालकांपर्यंत पोचावं लागतं, अपॉइंटमेंट मिळवून द्यावी लागते. दुसऱ्यात क्लिनिककडून कागद आणावा लागतो. अमेरिकेत सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्य संस्था हे दोन्ही मिळून एकच आकडा छापत आली, आणि २००५च्या सुमाराला तिथेही रेफर झालेल्या निम्म्याहून जास्त बाळांचं निदान नोंदीत सापडत नव्हतं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात, धीर धरा :)

तर कोरा रकाना ठेवायची परवानगीच काढून टाका. काहीतरी निवडावंच लागेल असं करा: तारीख ठरलीये, तपासणी अर्धवट चालू आहे, निदान झालं आणि ऐकू नीट येतंय, निदान झालं आणि दोष आहे, पालकांनी नकार दिला, बाळ दगावलं, दुसऱ्या भागात राहायला गेले, बोलणं झालं पण आले नाहीत, फोनच लागत नाही, आणि शेवटी खरोखरच "माहिती नाही". हा शेवटचा पर्याय लाजायचा नाही. पहिल्या महिन्यात तोच सगळ्यात मोठा निघेल, निघू दे.

एक उलटा हिशोबही करून बघा. जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारण हजारी एक ते तीन बाळांत सापडतो, मोजायची व्याख्या आणि लोकसंख्या यांप्रमाणे थोडं वरखाली. म्हणजे १०,००० जन्मांमागे दहा ते तीस बाळं सापडायला हवीत. तुमच्या यादीत चार-पाचच असतील तर बाकीची कुठेतरी आहेत आणि ती मोठी होतायत. फक्त छोट्या हॉस्पिटलांना हा न्याय लावू नका, हजारी दीड धरलं तर हजार जन्मांत एकही न सापडण्याची शक्यता साधारण २२ टक्के आहे, तिथे दोन-तीन वर्षं एकत्र करूनच बोला.

रात्रपाळी:

आकडेमोड साहेबांचं सगळं बरोबर आहे पण शीट जिथे भरली जाते तिथलं थोडं ऐका. मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. ही तपासणी बाळ गाढ झोपलेलं असेल आणि खोली शांत असेल तेव्हाच नीट होते, दिवसा राउंड, नातेवाईक, शेजारचं रडणारं बाळ, त्यामुळे आम्ही बऱ्याचदा रात्री करतो. मशीनमधून एक छोटी चिठ्ठी निघते, ती फाइलला चिकटवायची, मग रजिस्टरमध्ये लिहायचं, मग बाळाच्या कार्डावर लिहायचं, आणि महिन्याअखेरीला कुणीतरी ते रजिस्टर समोर ठेवून तुमच्या एक्सेलमध्ये टाइप करतं. एकच निकाल चार ठिकाणी. त्या चिठ्ठीचा कागद असा असतो की काही महिन्यांत अक्षरं उडून जातात, मग रजिस्टरमध्ये उजवा की डावा हे खाडाखोड करून लिहिलेलं असेल तर तपासायला मूळ पुरावाच शिल्लक नाही. आणि हे टाइप करणाऱ्याला तुमच्याकडून कधी काही परत कळत नाही. वर्षानुवर्षं भरून पाठवतोय, त्याचं काय होतं देव जाणे. मग मन लावून कोण भरेल?

"नकार" हा रकाना तर कचराकुंडी झालाय. प्रोबचं टोक संपलं, मशीन दुरुस्तीला गेलं, रविवारी माणूस नव्हता, डिस्चार्ज लवकर झाला, सगळं "पालकांचा नकार" मध्ये जातं कारण यादीत दुसरा पर्यायच नाही. पर्याय द्या, लोक खरं लिहितील.

फोन नंबरचं पण सांगते. ॲडमिशनच्या वेळी जो कुणी काउंटरवर उभा असतो त्याचा नंबर लागतो. मामाचा, शेजाऱ्याचा, कुणाचाही. सहा आठवड्यांनी तुम्ही त्यावर फोन करता आणि म्हणता फोन लागत नाही. आमच्याकडे आता डिस्चार्जच्या वेळी आईला स्वतःचा नंबर विचारतो, तिच्यासमोर एक रिंग देऊन बघतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचातरी घेतो. आणि रेफर असेल तर पुढच्या तपासणीची तारीख हातात देऊनच घरी सोडतो, "नंतर दाखवा हं" असं मोघम नाही.

अजून एक, जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत तपासणी केली की कानात द्रव असतो, वार्निक्स (जन्मताना अंगावर असतो तो पांढरा चिकट थर) असतं, त्यामुळे रेफर जास्त येतात. तुमच्या शीटमध्ये तपासणीची फक्त तारीख आहे, वेळ नाही. वेळ मागा. मग कुठल्या वॉर्डात घाई होतेय ते तुम्हाला न विचारता दिसेल.

कानाडोळा_नको:

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. वरच्या नर्सताईंना +१००. माझ्या बाजूचे मुद्दे, जसे आठवतील तसे.

निकाल प्रत्येक कानाचा वेगळा हवा. "पास/रेफर" असा एकच रकाना असेल तर तो डेटा माझ्या काही कामाचा नाही. कारण काय होतं बघा, पहिल्या दिवशी उजवा पास डावा रेफर, दुसऱ्या दिवशी फक्त डावाच करायचा म्हणून केला, तो पास, लिहिलं पास. किंवा दुसऱ्या दिवशी दोन्ही केले, डावा पास उजवा रेफर, मग कुणीतरी दोन दिवसांचे दोन पास जोडून बाळाला पास करून टाकतं. हे चालत नाही. पुन्हा तपासणी करताना आधी एकच कान रेफर असला तरी दोन्ही कान करायचे आणि त्या एकाच बैठकीत दोन्ही पास हवेत. शीटमध्ये बैठकीला एक ओळ असं असेल तरच हे पकडता येतं, बाळाला एक ओळ असेल तर नाही.

तपासणी कुठल्या पद्धतीने केली तेही हवं. ओएई म्हणजे कानात आवाज सोडून कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या शंखाकृती भागातल्या) बाहेरच्या हेअर सेल्सचा प्रतिसाद बघतात, एएबीआर म्हणजे आवाज नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का ते. ऑडिटरी न्यूरोपथी असलेल्या बाळाची ओएई अगदी व्यवस्थित येऊ शकते, दोष पुढे असतो. म्हणून एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाला एएबीआरच करायची असते. आता तुमच्या शीटमध्ये "पास" आहे, बाळ एनआयसीयूत होतं का माहीत नाही, ओएई की एएबीआर माहीत नाही, तर तो पास कशाचा? हे दोन रकाने वाढवले तरी माझं समाधान होईल.

प्रयत्न किती केले ते पण. पास येईपर्यंत मशीन लावत राहिलं की कधीतरी योगायोगाने येतोच. बहुतेक मशीनांमध्ये प्रत्येक प्रयत्नाची वेळेसकट नोंद असते, माणूस मात्र शेवटचा तेवढा लिहितो. त्यामुळे एखाद्या ठिकाणचा रेफरचा टक्का फार जास्त असेल तर बघाच, निकष असा आहे की स्क्रीनिंगच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावर ४ टक्क्यांपेक्षा जास्त बाळं निदानासाठी जाऊ नयेत, पण एखाद्या ठिकाणी महिनोन् महिने शून्य रेफर असतील तर मला तिथे जास्त भीती वाटते. तिथे एकतर पास येईपर्यंत रेटतायत नाहीतर तपासणी न करताच लिहितायत.

आणि आता आमच्यावरचा आरोप, की क्लिनिकवाले निदान कळवत नाहीत. खरं आहे, नाही कळवत. पण का? एक तर फॉर्म चार पानांचा, त्यातली निम्मी माहिती हॉस्पिटलने आधीच दिलेली असते आणि ती परत आम्ही भरायची. दुसरं, निदान एका दिवसात होत नाही हो. बाळ जागं झालं की एबीआर (एएबीआरचीच सविस्तर, निदानासाठीची तपासणी) थांबली, एका कानाच्या दोनच फ्रिक्वेन्सी मिळाल्या, पुन्हा बोलवा, तेव्हा मध्यकर्णात पाणी, ते ओसरेपर्यंत थांबा. फॉर्म मात्र "निदान: आहे/नाही" एवढंच विचारतो, मग आम्ही निदान पक्कं झाल्यावर पाठवू म्हणून बाजूला ठेवतो आणि ते राहतं. "तपासणी चालू" हा पर्याय आकडेमोड यांनी वर दिलाय तो फार मोलाचा आहे, त्यासोबत पुढची तारीख घ्या. आणि नॉर्मल निघालेल्या बाळांचंही कळवायला सांगा, लोकांना वाटतं दोष सापडला तरच कळवायचं, त्यामुळे ऐकू नीट येणारी कितीतरी बाळं तुमच्या यादीत हरवलेली म्हणून पडून असतात.

घाई का, तर एक कारण सहसा कुणी सांगत नाही. जन्मजात सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग) हे श्रवणदोषाचं एक मोठं कारण, आणि तो जन्मजात आहे हे खात्रीने सांगायचं तर लघवी किंवा लाळेची तपासणी पहिल्या २१ दिवसांत व्हावी लागते. नंतर संसर्ग सापडला तरी तो जन्माआधीचा की नंतरचा हे सांगता येत नाही. महिन्याअखेरीला येणाऱ्या शीटने ही खिडकी बंद होऊन जाते. किमान रेफरची यादी तरी आठवड्याला मागवा.

स्पष्टवक्ता:

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, रकाने वाढवून बाळाला ऐकू येणार आहे का? जिथे ऑडिओलॉजिस्टच पुरेसे नाहीत, अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, तिथे कागदी घोडे नाचवून काय उपयोग. आधी माणसं द्या मग डेटा मागा. नर्सवर अजून चार रकाने लादले की त्या अजून चार खोटे आकडे भरतील.

आकडेमोड:

निम्मं मान्य. रकाने वाढवले तर जुने काढलेच पाहिजेत, जो रकाना वर्षभरात कुणी एकदाही वापरला नाही तो उडवा, असे रकाने प्रत्येक शीटमध्ये भरपूर असतात.

पण माणसं द्या हे तरी कशाच्या जोरावर मागणार? रेफर ते पहिली अपॉइंटमेंट यात किती दिवस जातात हे भागानुसार दाखवता आलं तर मागणीला वजन येतं. इंग्लंडच्या कार्यक्रमात हा वेगळा निकषच आहे, स्क्रीनिंगनंतर रेफर झालेल्यांपैकी किमान ९० टक्के बाळं ठरलेल्या मुदतीत ऑडिओलॉजीकडे पोचायला हवीत. आणि हरवलेल्या बाळांची यादी ही शेवटी फोन करायची यादीच असते ना.

दोन_कानांची_आई:

मी पालक म्हणून लिहिते. आमच्या मुलीचं रेफर आलं, आम्ही वेळेत निदान करून घेतलं, तिला श्रवणयंत्रंही लागली आणि थेरपी सुरू झाली. तरी त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन यायचे, तुम्ही बाळाला तपासणीला आणलं नाहीत, हे किती महत्त्वाचं आहे तुम्हाला कळतंय का वगैरे. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकदा तर पत्र आलं की आमचं बाळ पाठपुराव्यातून सुटलेलं आहे. क्लिनिकने कळवलं नव्हतं, थेरपी सेंटर दुसऱ्याच खात्याच्या अखत्यारीत, त्यांचा आणि यांचा काही संबंधच नाही. मला राग फोनचा नाही आला, उलट कुणीतरी विचारतंय हे बरं वाटलं, पण मी फोनवर सांगितलेलं तरी कुणी लिहून घ्यायचं ना! पालकांनी सांगितलेलं "पालकांनी सांगितलं, खात्री बाकी" असं लिहायला काय हरकत आहे?

जोडाक्षर:

ताई, अगदी. पालकांनी सांगितलेलं हा वेगळा शेरा ठेवता येतो, क्लिनिकचा कागद आला की पक्कं करायचं. आणि १-३-६ मधला '६' सगळीकडे अशक्त असतो त्याचं कारण तुम्ही सांगितलंत तेच, निदानापर्यंत आरोग्य खातं, पुढची थेरपी बऱ्याचदा शिक्षण किंवा दिव्यांग कल्याणाकडे, आणि दोघांमध्ये माहिती द्यायघ्यायचा करारच नसतो. निदानाच्या वेळीच पालकांची लेखी संमती घेऊन ठेवली तर निम्मा गुंता तिथेच सुटतो.

मी सॉफ्टवेअरवाला, आरोग्याच्या सिस्टीम जोडायचं काम करतो. दुबार नोंदींचं बघू. नाव विसरा. नवजात बाळाला नावच नसतं, "बेबी ऑफ" अमुक असतं, नंतर नाव ठेवलं जातं, आईचं आडनाव कधी माहेरचं कधी सासरचं, स्पेलिंग दर वेळी नवं. जन्मतारीख, जन्मवेळ, लिंग, जन्मावेळचं वजन, आईची जन्मतारीख, फोन नंबर, यांवर जुळवा. जन्मवेळ आणि वजन हे फार कामाचे, कारण ते नंतर कुणी बदलत नाही. जुळ्यांना मात्र कितवं बाळ हा आकडा हवाच, नाहीतर जुळी हमखास एकमेकांत मिसळतात, एकाचा रेफर दुसऱ्याच्या पासखाली गाडला जातो. मी बघितलेल्या एका यादीत दोन ओळींमध्ये सगळं सारखं होतं, फक्त वजनात दोनशे ग्रॅमचा फरक आणि जन्मवेळेत सात मिनिटांचा, दुबार म्हणून एक ओळ उडवली जाणार होती.

सगळ्या गोष्टी तंतोतंत जुळल्याच पाहिजेत असा हट्ट धरलात तर बरीचशी बाळं जुळणारच नाहीत. प्रत्येक जुळणाऱ्या रकान्याला गुण द्या, न जुळणाऱ्याला वजा करा, बेरीज मोठी असेल तर एकच बाळ, लहान असेल तर वेगळी, आणि मधली जी राहतील ती डोळ्यांनी बघा. याचं रीतसर गणित फेलेगी आणि सन्टर यांनी १९६९ साली मांडलं, आजही बहुतेक टूल्स त्याच्यावरच चालतात. छोट्या यादीला एक्सेलमध्येही होतं.

टाचेतून रक्त घेऊन जी नवजात तपासणी करतात ती तुमच्याकडे होत असेल तर त्या कार्डाचा नंबर श्रवणाच्या नोंदीत लिहायला सांगा, एका फटक्यात दोन याद्या जोडल्या जातात. इंग्लंडमध्ये तर जन्म कळवला की बाळाला लगेच एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) नंबर मिळतो आणि स्क्रीनिंगच्या सिस्टीममध्ये बाळ आपोआप येतं, म्हणजे यादी आधी बनते आणि तपासणी नंतर. त्यामुळेच तिथे ९८ टक्के ही किमान अपेक्षा आणि ९९.५ टक्के हे साध्य करायचं लक्ष्य असं ठेवता येतं. तुमच्याकडे उलटं आहे, तपासणी झाली की बाळ यादीत येतं, मग न झालेलं बाळ दिसणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि ते मोठं सॉफ्टवेअर येईल तेव्हा दोन गोष्टी करारात आत्ताच घालायला लावा. एक, मशीनमधून निकाल थेट उचलता आला पाहिजे, नर्सताईंनी चार वेळा लिहायचं नाही. दोन, कोड स्वतःचे बनवायचे नाहीत. लॉइंकमध्ये (वैद्यकीय तपासण्यांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) नवजात श्रवण तपासणीला डाव्या कानासाठी ५४१०८-६ आणि उजव्यासाठी ५४१०९-४ असे कोड कधीचे आहेत, मशीन कंपन्यांनाही माहीत आहेत. "एल", "डावा", "एलटी", "१" असं प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं ठेवलंत तर पुढची पाच वर्षं नुसतं साफसफाईत जातील.

फाइलवाली:

बाप रे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. प्रिंट काढून भिंतीवर लावतेय.

दोन अडचणी. एक, छेद जन्मनोंदणीचा घेतला आणि १-३-६ दुसऱ्या पद्धतीने काढला तर आमचा टक्का एकदम खाली येणार, आणि वरचे विचारणार की काम बिघडलं का. दोन, या शीट सध्या ईमेलने येतात, आईचं नाव, फोन, पत्ता, निकाल सगळं उघडं. मला ते बघून कसंतरीच होतं पण पर्याय काय?

आकडेमोड:

पहिल्याचं सोपं आहे, जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी मागच्या वर्षांचेही आकडे काढा आणि एकाच आलेखावर दोन रेघा दाखवा. जुनी रेघ वर, नवी खाली, पण नवी रेघही आधीपासून खालीच होती हे दिसतं, म्हणजे काही बिघडलं नाही, नुसतं मोजणं बदललं. आणि बाळं जन्माच्या महिन्याप्रमाणे गटात ठेवा, तपासणीच्या महिन्याप्रमाणे नको. मार्चमध्ये जन्मलेल्यांचं निदान जूनपर्यंत झालं का हे मार्चच्या गटात मोजायचं. ताज्या गटांचा टक्का कमी दिसणारच कारण त्यांचे तीन महिने भरलेलेच नाहीत, ते गट फिक्या रंगात दाखवा नाहीतर दर वेळी "या महिन्यात घसरण का" हा प्रश्न येईल.

सुरुवात म्हणाल तर सगळ्या शीट सुधारायला जाऊ नका. जन्माचा एकच महिना घ्या, ज्याला सहा महिने उलटून गेलेत असा. त्यातली सगळी रेफर बाळं घ्या, आणि एकेकाचा छडा लावा, क्लिनिकला फोन, हॉस्पिटलला फोन, शेवटी पालकांना. कोऱ्या रकान्यामागचं खरं कारण काय ते लिहा. यादी फार मोठी नसते. त्यातून कळेल की गळती कुठल्या सांध्यात आहे, आणि मग तेवढाच सांधा आधी.

जोडाक्षर:

ईमेल उद्यापासून बंद, खरंच. किमान ओळख आणि निकाल या दोन वेगळ्या फायली करा, दोघांना जोडणारा एक निरर्थक नंबर, ओळखीची फाइल फक्त पाठपुरावा करणाऱ्याकडे. गोषवारा बनवायला नाव लागतच नाही. पाठवायला पासवर्ड असलेला शेअर्ड फोल्डर घ्या, कोण कधी उघडतंय याची नोंद राहील असा. आणि छोट्या भागांचे आकडे छापताना सांभाळा, एका गावात एकच बाळ सापडलं असेल तर गावाचं नाव छापणं म्हणजे बाळाचं नाव छापणंच.

रात्रपाळी:

एक राहिलं, फाइलवाली ताई. पालकांना फोन करायच्या आधी बाळ हयात आहे का ते कृपा करून बघत जा. एनआयसीयूतली बाळं असतात, सगळीच घरी जात नाहीत. आमच्या वॉर्डातल्या एका आईला असा फोन गेला होता, त्यानंतर आम्हाला तिच्याशी काय बोलावं कळत नव्हतं.

फाइलवाली:

हे डोक्यातच आलं नव्हतं. मृत्यूनोंदणी दुसऱ्या टेबलावर असते, पण मिळेल. किती वेळा जुळवायची, महिन्याला?

जोडाक्षर:

फोनची यादी जेव्हा जेव्हा काढाल तेव्हा, त्याच दिवशी. मृत्यूनोंद व्हायला उशीर लागतो, म्हणून एनआयसीयूच्या डिस्चार्जच्या रजिस्टरशीही जुळवा, आणि जिथे वरच्या गुणांच्या हिशोबात बाळ "मधल्या" गटात पडतंय, म्हणजे हेच ते का याची खात्री नाही, तिथे पालकांना फोन न करता आधी हॉस्पिटलला विचारा.